पंपिंग ६२ टक्के, तरी दम का?

माझ्या फाईलमध्ये टूडी एकोचे, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचे, तीन रिपोर्ट आहेत. ऑगस्ट २०२१, मार्च २०२५ आणि सप्टेंबर २०२५. तिन्हींत हृदयाचं पंपिंग ६० टक्क्यांच्या वर. पंपिंग चांगलं म्हणजे हृदय चांगलं, असं मी, आमचे हे, गल्लीतला मेडिकलवाला, सगळेच धरून चाललो होतो. त्या आकड्याच्या खाली आणखी एक ओळ छापलेली होती, हृदय सैल पडून नीट भरतं का ते सांगणारी. ती नीट वाचायला मला साडेतीन वर्षं लागली. त्या ओळीबद्दल लिहायचं आहे, कारण गेल्या सहा महिन्यांत ओळखीतल्या तिघींच्या रिपोर्टात मी तीच ओळ बघितली आणि तिघींनाही तिचा पत्ता नव्हता.

मी डॉक्टर नाही. बेळगावातल्या एका पतसंस्थेत २२ वर्षं खाती लिहिते, राहायला येळ्ळूरला. पुढं गोळ्यांची नावं येतील ती माझ्या चिठ्ठीतली आहेत. ती बघून कुणी आपल्या गोळ्या बदलू नका.

बीपी आहे हे २०१४ साली कळलं, चाळिशी गाठली त्या वर्षी. संस्थेच्या वर्धापनदिनाला तपासणी शिबिर ठेवलं होतं, तिथं १६०/१०० निघालं. अ‍ॅम्लोडिपिन ५ ची एक गोळी लागली. पुढची दहा-अकरा वर्षं ती गोळी मी कशी घेतली ते सांगायची लाज वाटते, पण सांगते. डोकं दुखलं की सुरू, बरं वाटलं की बंद. घोट्याला सूज आली तेव्हा तर तीन महिने बंद. सासूबाई म्हणायच्या, "एकदा गोळीची सवय लागली की सुटत नाही बघ." मलाही ते पटायचं, कारण तसं पटवून घेतलं की गोळी चुकवायला बरं. बीपी वाढलं की डोकं दुखतं आणि दुखत नसेल तर बीपी नाही, हा माझा हिशेब. हा हिशेब साफ चुकीचा. १७० वर मी तीन तास बसून ताळेबंद जुळवलेला आहे, डोकं अगदी शांत.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये गर्भाशयाचं ऑपरेशन झालं. त्याआधी फिटनेससाठी एको काढायला लावला. रिपोर्टात ईएफ, म्हणजे पंपिंग, ६५ टक्के, आणि खाली "माइल्ड कॉन्सेंट्रिक एलव्हीएच, ग्रेड वन डायस्टोलिक डिसफंक्शन". हे काय म्हणून मी विचारलं होतं. "वयानुसार असतं, भूल द्यायला अडचण नाही," एवढं उत्तर मिळालं. त्यात अगदीच खोटं नव्हतं, ग्रेड वन वयानुसार असतं. पण मी तेव्हा ४७ ची होते, आणि एलव्हीएच म्हणजे हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड झालेली आणि डायस्टोलिक डिसफंक्शन म्हणजे तो कप्पा नीट सैल पडून भरत नाही, हे कुणी फोडून सांगितलं नाही. मीही परत विचारलं नाही. फाईल कपाटात गेली, रेशनकार्डाच्या खाली.

२६ फेब्रुवारी २०२५, महाशिवरात्र. दरवर्षी आम्ही राजहंसगडावर महादेवाला जातो. गाडी जवळजवळ वरपर्यंत जाते, चालायचं थोडंच. त्या थोड्यात मी तीनदा थांबले. माझी थोरली जाऊ माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, हातात नैवेद्याचं ताट घेऊन पुढं निघून गेली आणि वरून हाक मारू लागली, "ये की गं, काय बसलीस?" मी तटाच्या भिंतीला टेकून खाली पसरलेली गावं बघत असल्याचं सोंग केलं. छातीत दुखत नव्हतं. फक्त श्वास पुरत नव्हता, म्हणजे आत घेतलेला आतपर्यंत पोचतच नाही असं.

घरी येऊन मागचं आठवायला लागले तेव्हा बरंच सापडलं. दिवाळीपासून मी दोन उश्या घेऊन झोपत होते. रात्री दोनच्या सुमाराला कोरडा खोकला येऊन उठून बसायचं, पाच-दहा मिनिटांत जायचा. मी त्याला ॲसिडिटी म्हणत होते. वजन ७८ किलो झालेलं, पाळी गेलेली, गुडघे दुखणारे; दम लागायला कारणं हाताशी भरपूर होती. म्हणून आणखी बारा दिवस घालवले.

१० मार्चला, सोमवारी, आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडं गेले. बीपी १७८/१०४. पाच मिनिटं गप्प बसवून परत घेतलं, १७२/१००. ईसीजी काढला, त्यातही भिंत जाड असल्याची खूण. तपासणीचे १५०, ईसीजीचे २५०, एक्स-रेचे ३५०. त्यांनी जुने कागद मागितले. मी २०२१ चा रिपोर्ट नेला होता. तो वाचून म्हणाले, "वहिनी, हे कपाटात ठेवायचं होतं होय? ह्याचं औषध म्हणजे बीपी खाली ठेवणं, तेवढंच तर करायचं होतं." आणि विचारलं, "गुडघ्याला काय घेता?" मी पर्समधली पट्टी दाखवली. गेली दोन वर्षं आठवड्यातून तीन-चार दिवस डायक्लोफिनॅक, मेडिकलमधून, चिठ्ठीशिवाय. ही दुखऱ्या अंगाची गोळी शरीरात मीठ-पाणी धरून ठेवते, बीपी वाढवते आणि बीपीच्या गोळीचं काम हाणून पाडते, हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. एका हातानं जमा आणि दुसऱ्या हातानं खर्च.

एको परत काढायचा ठरलं.

आधी सरकारी दवाखान्यात गेले, कारण पैसे. १२ मार्च. सकाळी ७:४० ची बस. कर्नाटकात जून २०२३ पासून बायकांना साध्या सरकारी बसला तिकीट नाही, आधारकार्ड दाखवलं की झालं. त्यामुळं दवाखान्याच्या खेपांचा प्रवासखर्च शून्य, पण बसायला जागा मिळेल अशी आशाही शून्य. दवाखान्यात भिंतीवरचा क्यूआर कोड फोनवर स्कॅन केला, आभा कार्ड (सरकारी आरोग्य ओळखपत्र) आधीच काढलेलं होतं, टोकन फोनवरच आलं. ज्यांच्याकडं साधा फोन त्यांची रांग पार दारापर्यंत. तुमच्याबरोबर म्हातारं माणूस असेल तर घरातल्या पोरांकडून आभा आधी काढून घ्या, तासभर वाचतो.

बोर्ड आणि फॉर्म कन्नडमध्ये. मला बोलता येतं, वाचता अक्षर लावून लावून येतं. खिडकीवरची बाई चांगली होती, मी अडखळले की मराठीत सांगायची. नुसतं "एको" म्हणून चालत नाही. मेडिसिनच्या ओपीडीतून लिहून घ्यावं लागतं, मग एकोच्या खोलीत तारीख मिळते. मला मिळाली २ एप्रिलची, म्हणजे तीन आठवड्यांनी. तिथंच आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक ह्या सरकारी उपचार योजनेच्या काउंटरवर चौकशी केली. आमचं रेशनकार्ड एपीएल, दारिद्र्यरेषेच्या वरचं. दाखल होऊन ठरलेले उपचार घ्यायचे झाले तर ठरलेल्या दराचा ३० टक्के भाग सरकारचा, बाकीचा आपला, आणि बाहेरच्या बाहेर केलेल्या एकोला ते कार्ड चालणार नाही. कार्ड तरी काढून ठेवावं म्हटलं, तर नाव जुळेना. माझ्या आडनावात "ळ" आहे. रेशनकार्डावर कन्नडमध्ये तो ठणठणीत आहे, कारण कन्नडला ळ आहे. आधारवर इंग्रजीत गेला की त्याचा कधी एल, कधी दोन एल. दोन खेपा त्या एका अक्षरापायी. सीमाभागात राहणाऱ्यांनी आधार, रेशनकार्ड आणि बँक पासबुक तब्येत चांगली असतानाच शेजारी शेजारी ठेवून वाचावीत.

तीन आठवडे थांबायचं की नाही? दोन रात्री मी उशीवर टेकून बसून काढल्या आणि ह्यांनीच सांगितलं, बाहेर काढू. १,८०० रुपये.

२१ मार्चला शुक्रवारी एको झाला. पोटाला उपास लागत नाही, पुढून उघडणारा ब्लाउज किंवा कुर्ता घालून जा. डाव्या कुशीवर वळायला लावतात. खोलीत अंधार, छातीवर गार जेल, आणि पडद्यावर काळ्या-करड्या सावल्या फडफडतात. मशीनवरचा मुलगा कन्नडमधून सांगत होता, "एडक्क तिरुग्री… उसिर हिडीरी… बिड्री." डावीकडं वळा, श्वास धरा, सोडा. मध्येच म्हणाला, पोटात जोर लावून धरा, शौचाला बसल्यासारखा. मला वाटलं चेष्टा करतोय. नव्हता करत. दहा सेकंद मी लालबुंद होऊन जोर धरला आणि त्यानं त्यातच कसलासा आलेख टिपला. त्या दहा सेकंदांचं महत्त्व तीन दिवसांनी कळलं.

रिपोर्ट घेऊन सीबीटीवर, म्हणजे बेळगावच्या मुख्य बसस्टँडवर, बसची वाट बघत बसले आणि दोन्ही कागद मांडीवर शेजारी शेजारी ठेवले. ही माझी सवय, मागच्या वर्षीचं पान आणि ह्या वर्षीचं पान. ईएफ ६५ होता तो ६२. ठीक. खाली "ई/ए रेशो" नावाची ओळ. २०२१ ला ०.७ आणि शेजारी "रिव्हर्सल" असा शेरा. आता १.२. फोनवर शोधलं तर साधारण माझ्या वयाला एकाच्या आसपास किंवा थोडं वर चांगलं, असं दिसलं. म्हणजे सुधारलं! मी ह्यांना फोन करून सांगितलंसुद्धा, "अहो, ती खालची ओळ सुधारली."

२४ मार्चला हृदयरोगतज्ज्ञ. फी ७००, नंबर २३, आत जायला पावणेतीन तास. डॉक्टर कन्नडिग, मराठी छान बोलतात, मध्ये मध्ये "नोड्री", म्हणजे "बघा", म्हणतात. मी आत गेल्या गेल्या सुधारलेल्या ओळीचं सांगितलं. ते हसले नाहीत, हे बरं केलं. विचारलं, "बसनं येता?" मी हो म्हटलं. मग त्यांनी चिठ्ठीच्या मागं बस काढली. तो कागद मी जपून ठेवलाय.

हृदयाचं काम दोन अर्ध्यांत चालतं. आवळून रक्त बाहेर ढकलायचं, हा एक अर्धा. पंपिंग, ईएफ वगैरे सगळं त्याचं. मग सैल पडून परत भरून घ्यायचं, हा दुसरा. आवळता येतं पण नीट भरून घेता येत नाही, तो माझा आजार. डावा खालचा कप्पा म्हणजे बस, त्याच्या वरचा छोटा कप्पा म्हणजे फलाट, आणि फलाटाच्या मागं फुप्फुसं, म्हणजे स्टँड. बस आली, दार भसकन उघडलं, की बरीचशी माणसं आपोआप आत जातात. ही पहिली लाट, ई. उरलेल्या चार जणांना कंडक्टर "मुंद होग्री, मुंद होग्री", पुढं चला, पुढं चला, करून ढकलतो. वरचा कप्पा आवळून शेवटचं रक्त खाली ढकलतो, ती दुसरी लाट, ए. तरुण हृदयात ई मोठी, ए लहान.

वर्षानुवर्षं बीपी चढलेलं असलं की डाव्या कप्प्याला प्रत्येक ठोक्याला जास्त दाबाविरुद्ध रक्त ढकलावं लागतं. मग त्याचा स्नायू जाड होतो. माझी भिंत १३ मिलिमीटर होती. बाईमाणसाची ९ पर्यंत असावी. जाड भिंत ढकलते जोरात, पण सैल पडायला वेळ लावते. सैल पडणं म्हणजे नुसतं सोडून देणं, असं मला वाटायचं. तसं नाही. स्नायू आवळताना पेशीत सुटलेलं कॅल्शियम परत पेशीतल्या कोठीत भरून ठेवावं लागतं आणि त्याला शक्ती खर्च होते. जाड, थकलेल्या स्नायूत ते काम रेंगाळतं. शिवाय भिंतीत चिवट धागे वाढतात, त्यांनी ती आणखी ताठर होते. बसचं दार गंजलं म्हणायचं. आपोआप आत जाणारी माणसं कमी झाली, कंडक्टरवर काम आलं. ई लहान, ए मोठी. हा झाला ग्रेड वन, माझा २०२१ चा ०.७.

"मग आता १.२?" मी विचारलं.

"नोड्री," ते म्हणाले, "दार तसंच आहे. गंज वाढलाय उलट. पण आता स्टँडवर इतकी गर्दी झाली, की मागच्या रेट्यानंच माणसं आत कोंबली जातात. लांबून बघणाऱ्याला वाटतं, वा, बस भराभर भरली."

वरच्या कप्प्यात दाब वाढला, म्हणून पहिली लाट पुन्हा मोठी दिसायला लागली. ह्याला म्हणतात स्यूडोनॉर्मल, वरवर नॉर्मल. ग्रेड टू. आणि तो मागचा रेटा फुप्फुसांतून येतो, तिथं तुंबतं, म्हणून चढावर दम लागतो. रात्री आडवं झालं की पायांतलं रक्तही परत वर येतं, तुंबलेल्यात भर पडते, म्हणून दोन उश्या आणि दोन वाजताचा खोकला. ॲसिडिटी वगैरे काही नाही.

त्या जोर लावण्याचं कोडंही इथं सुटलं. जोर धरला की हृदयाकडं परत येणारं रक्त काही क्षण कमी होतं. म्हणजे स्टँडचं गेट क्षणभर बंद केलं, मागचा रेटा गेला, आणि गंजलेलं दार उघडं पडलं. माझा रेशो त्या दहा सेकंदांत १.२ वरून ०.६ वर आला होता. रिपोर्टात बाकीचे साक्षीदारही होते: भिंत किती वेगानं सैल पडते तो ई-प्राइमचा आकडा ६, म्हणजे कमी; ई भागिले ई-प्राइम जवळपास १६, आणि तो १४ च्या वर गेला की आतला दाब वाढलेला धरतात; वरच्या कप्प्याचा आकार ३९, असायला हवा ३४ पर्यंत. सांगायचं कारण, एकट्या ई/ए वर कुणी खूश किंवा नाराज होऊ नये. मी २२ वर्षं लोकांना सांगते, नुसती शिल्लक बघू नका, कशी आली ते बघा, आणि स्वतःच्या कागदावर नेमकी तीच चूक केली.

शेवटी त्यांनी आजाराचं नाव लिहिलं. त्यात "हार्ट फेल्युअर" असे दोन शब्द होते, पुढं "पंपिंग शाबूत असलेलं". रक्ततपासण्याही लिहिल्या. हृदयावर ताण असला की रक्तात वाढणारं एनटी-प्रोबीएनपी, एकट्या त्याचेच २,२०० रुपये, माझं ४१० आलं, १२५ च्या आत असायला हवं होतं. क्रिएटिनिन, पोटॅशियम, सोडियम, थायरॉइड, तीन महिन्यांची साखर. साखर ५.९, काठावर.

बाहेर आल्यावर हे काही बोलले नाहीत. चन्नम्मा चौकापर्यंत चालत आलो. तिथं उसाच्या रसाच्या गाड्यापाशी थांबून म्हणाले, "फेल म्हणजे… फेल?" मला रडू आलं ते त्यांच्या तोंडाकडं बघून. फेल म्हणजे बंद पडणं नव्हे, काम पुरं न होणं, एवढं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते मी त्यांना सांगितलं आणि सांगता सांगता मलाही थोडं पटलं. रस प्यायलो. मीठ न घालता.

गोळ्या अशा लागल्या: टेल्मिसार्टन ४०, अ‍ॅम्लोडिपिन ५ चालूच, क्लोरथॅलिडोन साडेबारा, आणि डॅपाग्लिफ्लोझिन १०. शेवटची मुळात साखरेची गोळी. अशा हृदयाला उपयोगी पडते असं गेल्या काही वर्षांत मोठ्या चाचण्यांतून दिसलं, म्हणून साखर नसलेल्यांनाही देतात. लघवीतून साखर जाते, त्यामुळं स्वच्छता पाळायची, नाहीतर खाज आणि संसर्ग होतो. उलट्या-जुलाब किंवा कडकडीत उपास असेल तेव्हा डॉक्टरांना विचारायचं. हे शेवटचं मी मुद्दाम विचारून घेतलं, आमच्याकडं उपासांना तोटा नाही. कंपनीच्या गोळ्यांचं पहिल्या महिन्याचं बिल १,१४० रुपये. डॉक्टरांच्या परवानगीनं जनऔषधी केंद्रातून घेतल्या तेव्हा ३०० च्या घरात आलं. तिथं एखादी गोळी कधी कधी संपलेली असते, म्हणून आठवडाभर आधी जायचं.

चिठ्ठीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात होतं, "दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन, इलेक्ट्रोलाइट्स". ४५० रुपये. मार्चअखेर, संस्थेत खाती बंद करायची घाई, पैसेही उडालेले. मी ते पुढच्या महिन्यावर ढकलणार होते. पण एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पोटऱ्यांत गोळे यायला लागले, खुर्चीवरून उठलं की डोळ्यांपुढं अंधार. एकदा तर लेजर हातात घेतलं आणि काय बघायला घेतलं तेच आठवेना. ८ तारखेला तपासलं, सोडियम १२८. १३५ हवं. क्लोरथॅलिडोननं लघवीवाटे सोडियम जास्त गेलं, आमच्या वयाच्या बायकांत असं व्हायचा संभव जास्त. ती गोळी बंद झाली, टेल्मिसार्टन ८० केली, आठवड्यात सोडियम १३५ वर आलं. तेव्हा कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाचा. नवी गोळी सुरू झाल्यावरची ती रक्ततपासणी चुकवू नका, आणि गोळे, चक्कर, विसराळूपणा आला तर उन्हाळ्यावर ढकलून मोकळं होऊ नका.

आता मीठ. सोडियम कमी झालं म्हटल्यावर सासूबाईंनी लगेच लोणच्याची बरणी पुढं केली. "बघ, मीठ सोडलंस म्हणूनच." तसं नव्हतं, पण त्यांना समजावणं डॉक्टरांनाही जमलं नसतं. मी दुसरं केलं. घरात चार माणसं. मिठाचं एक किलोचं पुडकं फोडलं की त्यावर पेननं तारीख घालायची. पहिलं पुडकं २१ दिवसांत संपलं. हजार ग्रॅम भागिले चार, भागिले २१: माणशी दिवसाला जवळपास १२ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना म्हणते ५ च्या आत. वर पापड, सांडगे, भडंग, फरसाण, सुकी मासळी वेगळी. कुणावर आरोप न करता आकडा फ्रीजवर चिकटवला. भाकरीतलं मीठ गेलं, भातातलं गेलं, खर्ड्यातलं निम्मं झालं, ताटात वरून मीठ वाढायचं बंद. पहिले पंधरा दिवस जेवण मातीसारखं लागलं. मग जीभ वळली. सप्टेंबरात पुडकं ४३ दिवस टिकलं. सैंधव चालेल का, असं मला किमान दहा जणांनी विचारलं. सैंधव हेसुद्धा मीठच. आणि बाजारात "कमी सोडियमचं" म्हणून मिळतं त्यात पोटॅशियम असतं. टेल्मिसार्टनसारख्या गोळ्या चालू असताना किंवा किडनी कमजोर असताना ते विचारल्याशिवाय घेऊ नये.

घरी बीपीचं मशीन घेतलं, १,९०० रुपयांना. पहिले चार दिवस आकडे भलतेच वर, १७० च्या खाली येईनात. डॉक्टरांकडं मशीन घेऊन गेले तर त्यांनी टेपनं माझा दंड मोजला: ३४ सेंटिमीटर. मशीनबरोबरचा पट्टा ३२ पर्यंतचा. पट्टा लहान पडला की आकडा खोटा वर येतो. मोठा पट्टा ७०० रुपयांना वेगळा घ्यावा लागला. मशीन घ्यायच्या आधी दंड मोजा. मोजताना पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नाही, हात छातीच्या उंचीला टेबलावर, अर्धा तास आधी चहा नाही, लघवीला जाऊन आलेलं, पाच मिनिटं गप्प. सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी, मिनिटाच्या अंतरानं दोनदा. घरी मोजलेलं १३५/८५ च्या वर राहत असेल तर ते वाढलेलंच.

मी ते संस्थेच्या रद्दीतल्या एका कोऱ्या रोजकीर्दीत लिहिते. डावीकडं सकाळ, उजवीकडं संध्याकाळ, शेरा शेवटी. "लग्नाचं जेवण", "ऑडिट", "झोप नाही". मार्चअखेरची सरासरी १६४/९८, एप्रिलअखेर १४२/८८, जुलैत १२८/७८. एका दिवसाच्या आकड्यानं घाबरायचं नाही हे त्या वहीनं शिकवलं. ह्यांना अजून जमत नाही. १४६ दिसलं की ते मशीनच हलवून बघतात.

गुडघ्यांसाठी फिजिओथेरपिस्टनं सहा व्यायाम दिले, आणि फारच दुखलं तर पॅरासिटामॉल. सकाळी भाताच्या शेतांच्या कडेनं आधी १५ मिनिटं, आता ४०. चालताना बोलता आलं पाहिजे, एवढाच वेग. भरायला वेळ लागणाऱ्या हृदयाला फार पळवलं तर दोन ठोक्यांमधला भरायचा वेळच कमी होतो, त्यामुळं हळूहळू वाढवायचं. वजन ७३ झालं. उश्या दोनाच्या एक झाल्या ते मला कळलंच नाही. जूनमध्ये गादी झटकताना दुसरी उशी पलंगाच्या फटीत सापडली.

१९ सप्टेंबरला परत एको, त्याच ठिकाणी, मुद्दाम त्याच मशीनवर, म्हणजे तुलना करता येते. परत १,८०० रुपये. पुन्हा "उसिर हिडीरी". ह्या खेपेला जोर लावायला मी आधीच तयार होते, त्यानं सांगितलंच नाही.

२२ तारखेला घटस्थापना. पहाटे पोरगी दुर्गामाता दौडीला गेली होती, मी घट बसवून दहाच्या बसनं डॉक्टरांकडं. भिंत १२ मिलिमीटर; एवढा फरक मोजण्यातही होऊ शकतो, त्यावर फार जाऊ नका, म्हणाले. वरच्या कप्प्याचा आकार ३६. ई भागिले ई-प्राइम ९. म्हणजे दार अजून गंजलेलंच, स्टँडवरची गर्दी मात्र उतरली. ग्रेड वन. गोळ्या चालूच, पुढची तपासणी मार्चमध्ये, त्याआधी दम लागला, वजन दोन-तीन दिवसांत दोन किलो चढलं किंवा छातीत धडधड अनियमित वाटली तर लगेच यायचं. वरचा कप्पा ताणलेला राहिला की तो नुसताच थरथरायला लागतो, मग कंडक्टरच गेला.

संध्याकाळी हे फाईल घेऊन बसले. तिन्ही रिपोर्ट जमिनीवर ओळीनं मांडले, चष्मा लावला, बोटानं त्या ओळीवर आले.

"अगं, हे १.२ होतं. परत ०.७ झालंय की!"

"होय की," मी म्हटलं. "झालं एकदाचं."